दीक्षाला लागलेली गोळी

साहेबांनी डोक्यावरची टोपी काढून काखेत धरली आणि चांगदेवला बाजूला नेऊन सांगितलं, "आरोपीनं आधी तुमच्या मुलीवर गोळी झाडली. मग आमच्या लोकांना आत घुसावं लागलं. तो जागेवरच संपला. आम्ही शिकस्त केली, पण..."

शवागाराबाहेरच्या व्हरांड्यात फिनेलचा वास होता. चांगदेव केंदूरहून शेजाऱ्याच्या मोटरसायकलवर मागं बसून शिक्रापूर, न्हावरा, चौफुला करत आला होता. तो कुरकुंभला पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. साहेबांचं बोलणं त्यानं मान खाली घालून ऐकलं, दोन्ही हात जोडले आणि वाकून साहेबांच्या पायांना हात लावला.

"तुमी लई प्रयत्न केला साहेब," तो म्हणाला. "तुमचे उपकार हायेत."

कुणीतरी नेमका तेवढ्यात मोबाईल धरला होता. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ सगळीकडं फिरला. खाली लिहिलं होतं, 'मुलीच्या वडिलांनी मानले पोलिसांचे आभार.'

चांगदेव गवंडी होता. केंदूरमधली निम्मी नवी घरं त्याच्या हाताखालून गेली होती, पण त्याचं स्वतःचं घर अजून बिनगिलाव्याचं होतं. दीक्षा त्याची एकुलती एक मुलगी. शिरूरच्या कॉलेजात तिनं केमिस्ट्री घेऊन बीएस्सी केलं आणि कुरकुंभच्या एमआयडीसीत एका औषधाच्या कंपनीत लॅबमध्ये लागली. दौंडला दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची. शनिवारी घरी यायची तेव्हा तिच्या केसांना कसलातरी उग्र वास यायचा आणि आई, सोजराबाई, तिला आधी न्हाणीत पिटाळायची.

नवनाथ त्याच कंपनीत ठेकेदाराकडं ऑपरेटर होता. खुटबावचा, शेतकऱ्याचा मुलगा. त्याचा धाकटा भाऊ विश्वजीतही तिथंच कामाला होता. हिवाळ्यात टाकी साफ करताना विश्वजीत आतच कोसळला आणि मेला. कंपनीनं सांगितलं, तो त्या दिवशी कामावर नव्हताच, दारू पिऊन आत शिरला होता. नवनाथनं सगळ्यांचे उंबरे झिजवले. विश्वजीत दारूच्या थेंबालाही शिवत नव्हता, हे तो ज्याला त्याला सांगत सुटला. मग एके सकाळी तो शर्टाखाली गावठी कट्टा खोचून लॅबमध्ये शिरला आणि आतून दार लावून घेतलं. आत दीक्षा आणि भाग्यश्री अशा दोघीच होत्या. त्याचं मागणं एकच होतं. कंपनीच्या मोठ्या साहेबांनी गेटवर यावं आणि सगळ्यांसमोर सांगावं, माझा भाऊ कसा मेला.

मोठे साहेब आले नाहीत. भाग्यश्रीला दिवस गेलेले होते, तिला नवनाथनं दुपारी बाहेर सोडलं. त्यानंतर पोलिसांचं पथक आत गेलं.

चांगदेवनं पोलिसांचं सांगणं मानलं, कारण ते सरळ होतं. एक वाईट माणूस होता, त्यानं आपली पोर मारली, आणि तोही मेला. यात निदान कुणाला शिव्या द्यायच्या ते कळत होतं. तो नवनाथला शिव्या द्यायचा. जेवताना, अंघोळ करताना, एकटाच भिंतीकडं बघून.

सोजराबाईचं तसं नव्हतं. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "त्यानं न्हाई मारलं तिला."

"तुला काय म्हाईत?"

"तिचा फोन आलता मला. तुमी वाटंत व्हता तवा. म्हणली, आई, रडू नको. हा माणूस काही करणार नाही. त्यानं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, माझ्या डब्यातली भाकरी दिली त्याला. म्हणली, फक्त पोलिसांना आत येऊ देऊ नका असं कुणाला तरी सांग." सोजराबाईचा आवाज तिथं थांबायचा. "मी कुणाला सांगू? माझ्याकडं कुणाचा नंबर व्हता?"

"तुझा जीव थाऱ्यावर ऱ्हावा म्हणून म्हणली आसंल ती," चांगदेव म्हणायचा आणि उठून बाहेर जायचा.

जलदान विधीला घरासमोर मांडव घातला होता. त्रिशरण-पंचशील झालं, दीक्षाच्या फोटोला फुलं वाहून झाली, लोक जेवायला बसले. कंपनीतली चार-पाच पोरं आली होती. त्यातला हनुमंत नावाचा एक जेवण टाकून चांगदेवजवळ आला. तो दीक्षाच्या लॅबमध्ये नमुने नेऊन द्यायचा.

"आप्पा, जरा मागं येता?"

घराच्या मागं पाण्याच्या टाकीजवळ त्यानं मोबाईल काढला. "शेजारच्या प्लॉटवरनं काढलाय. पोलिसांनी आमच्या सगळ्यांचे फोन तपासून व्हिडिओ पुसून टाकायला लावले. ह्यो एका बिहारी पोराकडं ऱ्हायला व्हता."

चित्र हलत होतं. कंपनीची भिंत, वर लॅबची काचेची खिडकी. खिडकीत एक माणूस. त्यानं दोन्ही तळवे काचेला टेकवले होते आणि तो ओरडून काहीतरी सांगत होता. ऐकू येत नव्हतं, कॉम्प्रेसरचा घुर्र आवाज होता. मग टाळी वाजावी तसा एक आवाज झाला, काच खाली आली आणि माणूस दिसेनासा झाला. जरा वेळानं आतून खूप आवाज आले.

"हात बघितले का त्याचे?" हनुमंत म्हणाला. "मोकळे हायेत, आप्पा. आन् पहिली गोळी बाहेरनं आली. मंग त्यानं ताईला कवा मारलं?"

चांगदेवनं तो व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. पुन्हा. त्यात दीक्षा कुठंच दिसत नव्हती. मांडवात वाढपी वरणाची बादली घेऊन हिंडत होते. चांगदेव टाकीला धरून खाली बसला. ज्या माणसाला इतके दिवस शिव्या दिल्या त्याचे उघडे तळवे त्याच्या डोळ्यांपुढून हलेनात.

तो व्हिडिओ बाहेर पडला आणि वणवा पेटल्यासारखं झालं. चौफुल्याच्या हॉटेलांत, शिक्रापूरच्या स्टँडवर, एमआयडीसीच्या गेटागेटावर तीच चर्चा. पोलिसांनी खुलासा केला. व्हिडिओ अर्धवट आहे, आरोपीनं त्याआधीच मुलीला मारलं होतं, कॉम्प्रेसरमुळं आवाज ऐकू आला नाही. कुरकुंभला हायवेवर मोर्चा निघाला. दीक्षाचा कॉलेजातला फोटो मोठा करून फलकावर लावला होता. पुढाऱ्यांनी चांगदेवला ट्रॉलीवर चढवलं आणि हातात माईक दिला. त्याला बोलता येईना. कुणीतरी त्याच्या वतीनं बोललं. मोर्चानंतर सरकारनं चौकशी लावली.

पण लोकांची शंका एका जागी थांबत नाही. काही म्हणाले, कंपनीनंच दोघांना संपवायला सांगितलं असणार. काही म्हणाले, गोळी चुकून लागली, आता लपवतायत. आणि काही हळू आवाजात म्हणाले, पोरीनं त्याला डबा दिला म्हणे. म्हणजे आधीपासून ओळख असणार. दोघांचं काहीतरी असणार. हे बोलणं केंदूरला पोचायला वेळ लागला नाही. फोनची गोष्ट सोजराबाईनंच एका पत्रकाराला सांगितली होती. तिनं तोंडावर पदर घेतला आणि त्यानंतर ती नळावर जायची बंद झाली.

चांगदेव भाग्यश्रीला शोधत दौंडला गेला. दुसऱ्या मजल्यावरचा छोटा फ्लॅट होता. दार तिच्या नवऱ्यानं उघडलं. तोही त्याच कंपनीत, पर्मनंट. "तिला त्रास देऊ नका, डॉक्टरांनी आराम सांगितलाय," तो दारातच म्हणाला. आतून भाग्यश्रीचा आवाज आला, "येऊ द्या त्यांना."

ती भिंतीला उशी लावून बसली होती. पोट बरंच पुढं आलेलं. चांगदेवला बघताच तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"दीक्षा मला म्हणाली, तू जा. मी म्हणाले, दोघींना सोडा. तो म्हणाला, दोघींना सोडलं तर माझं कोण ऐकणार?"

"कट्टा कुठं व्हता त्याचा?"

तिनं नवऱ्याकडं पाहिलं. तो खिडकीतून बाहेर बघत होता.

"बेसिनमध्ये," ती म्हणाली. "दीक्षानंच सांगितलं त्याला, इथं सॉल्व्हंट आहेत, ठिणगी उडाली तर सगळे मरू. ते तिकडं ठेवा. तर त्यानं गुपचूप बेसिनमध्ये ठेवला. मी निघाले तेव्हा तिथंच होता."

"ह्ये पोलिसांना सांगितलं?"

"सांगितलं, काका. मग त्यांनी मला लिहिलेलं वाचून दाखवलं, त्यात ते नव्हतं. मी म्हणाले, हे राहिलंय. ते म्हणाले, तुम्ही बाहेर आल्यावर त्यानं कट्टा उचलला नसेल कशावरून?" तिनं हात पोटावर ठेवला. "खरंच कशावरून? मी बाहेर आले होते. मला बाहेर यायचंच होतं."

"चौकशी लागलीय. तिथं येऊन येवढंच सांग, पोरी. येवढंच."

तिचा नवरा वळला. "आम्हाला इथंच राहायचंय, काका. कर्ज आहे, बाळ येतंय. तुम्ही समजून घ्या."

चांगदेव समजून घेऊ शकत होता, हेच वाईट होतं. तो जिना उतरून खाली आला आणि पार्किंगमध्ये कुणाच्या तरी स्कूटरवर हात ठेवून कितीतरी वेळ उभा राहिला.

तिथून तो घरी गेला नाही, खुटबावला गेला. का जातोय हे त्याचं त्यालाही नीट ठाऊक नव्हतं. नवनाथचं घर उसाच्या कडेला, वस्तीवर होतं. अंगणात एक म्हातारी मिरच्यांचे देठ मोडत बसली होती. चांगदेवनं नाव सांगितलं तशी ती उठायला गेली आणि तिला उठवेना. ती दगडाबाई, नवनाथची आई.

"मारायला आला आसाल तर मारा," ती म्हणाली. "मी काय ओरडायची न्हाई."

"न्हाई, बाई. मी इचारायला आलोय. तुमचं पोरगं तसं व्हतं का?"

दगडाबाईनं मिरच्यांचं सूप बाजूला सारलं. "कसं व्हतं म्हणून सांगू? तुमची लेक त्याच्यापायी मेली. गोळी कुणाची का आसंना. त्यो तिथं गेला नसता तर तुमची पोर आज भाकरी खात आसती. मी त्याला चांगला म्हणायची न्हाई." तिनं सुपातली एक मिरची उचलून तिचा देठ मोडला. "पण विश्वजीत गेला तवा कंपनीच्या मान्सानं सांगितलं, दारू पिला व्हता. नवनाथ गेला तवा पोलिसानं सांगितलं, त्यानं पोरीला मारलं. माजी दोन्ही पोरं कशी मेली ते मला परक्यानं येऊन सांगितलं. आन् मी दोन्ही डाव व्हय म्हणले. काय करनार? मला वाचता येत न्हाई."

चांगदेवला वाटलं होतं, इथं येऊन राग तरी येईल. राग आला नाही. तिनं त्याला पाणी दिलं, ते पिऊन तो निघाला.

चौकशीसाठी नेमलेल्या मॅडम एका सरकारी विश्रामगृहात बसायच्या. तरुण होत्या, बोलायला नीट. त्यांच्यासमोर पोलिसांचे डॉक्टर म्हणाले, गोळी जवळून लागलीय, गावठी कट्ट्यातलीच असावी, पण गोळी सापडली नाही. चांगदेवच्या वकिलानं, शिरूरचा एक पोरगेला वकील होता, अर्ज दिला की मृतदेह पुन्हा तपासावा. चांगदेवच्या घराण्यात पुरायची रीत होती. दीक्षा केंदूरच्या ओढ्याकडेच्या जागेत होती.

तो आदेश निघाल्याचं कळलं त्या दिवशी सोजराबाईनं चूल पेटवली नाही.

"तिला उकरायची?"

"गोळी घावली तर कळंल कुणाची ती."

"आन् कळलं तर ती उठून येनार हाय का?" सोजराबाई कधी नवऱ्यावर आवाज चढवत नसे. "लोकांनी तिची आब्रू चव्हाट्यावर मांडली, आता तुमी तिची हाडं मांडा. त्यो पुढारी येईल, फोटू काढील. तुमास्नी कळायला पायजे म्हणून तिला परत बाहेर काढायची व्हय?"

"मी त्यांच्या पाया पडलो, सोजरा," चांगदेव म्हणाला. "ज्यांनी तिला मारलं आसंल त्यांच्या मी पाया पडलो. साऱ्या मुलखानं बघितलं. मला ह्ये कळल्याबिगर मरता येत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सोजराबाई एक नवी पांढरी साडी काढून पिशवीत भरू लागली. "परत ठिवताना ह्यात ठिवा," एवढंच म्हणाली. ती स्वतः गेली नाही.

ओढ्याकडं पडदे लावले होते तरी बाभळींवर पोरं चढली होती, हातात मोबाईल. चांगदेवला जवळ जाऊ दिलं नाही. वास आला तेव्हा त्याला ओकारी आली आणि आपल्या पोरीमुळं आपल्याला ओकारी यावी, याची त्याला इतकी शरम वाटली की तो तिथंच जमिनीवर कपाळ आपटू लागला. दोघांनी धरून त्याला बाजूला नेलं.

खांद्याच्या हाडात धातूचा एक तुकडा सापडला. हनुमंतानं चांगदेवला मिठी मारली. "घावलं, आप्पा! आता कुठं पळतील?" तुकडा तपासायला पाठवला. पावसाळा गेला, दिवाळी गेली. मोर्चेकरी दुसऱ्या मोर्चाला गेले. उत्तर आलं ते असं की तुकडा फार लहान व झिजलेला आहे, कोणत्या हत्याराचा ते सांगता येत नाही. भाग्यश्री साक्षीला आली नाही. तिला मुलगा झाला होता. मॅडमनी अहवाल दिला, पोलिसांच्या म्हणण्यावर अविश्वास ठेवण्याइतका पुरावा आढळत नाही.

अहवालाचं कळलं त्याच दिवशी चांगदेव विश्रामगृहावर गेला. शिपाई चहा आणायला गेला होता. मॅडम खोलीत एकट्याच होत्या, कपाटातलं सामान खोक्यात भरत होत्या. त्यांनी त्याला ओळखलं. "बसा ना, आप्पा," त्या म्हणाल्या.

चांगदेव बसला नाही. त्याच्या मागं दार उघडं होतं आणि बाहेर कुणीतरी मोठ्यानं हसत होतं. तो हसण्याचा आवाज त्याला सहन होईना म्हणून त्यानं दार लोटलं. आणि लोटल्यावर हात आपोआप वर गेला, त्यानं कडी घातली.

"मला सांगा," तो म्हणाला.

"आप्पा, कडी काढा."

"मला फकस्त सांगा. लिहू नका. मी कुणाला सांगायचो न्हाई. तुमास्नी काय वाटतं? कुणी मारलं तिला?"

मॅडमचा हात टेबलावरच्या फोनकडं सरकला आणि अर्ध्यात थांबला. चांगदेव एक पाऊल पुढं आला तशा त्या खुर्चीसकट मागं सरकल्या, भिंतीला टेकल्या. त्यांच्या डोळ्यांत भीती होती, त्याची भीती. साठीतल्या गवंड्याची, ज्याच्या हातात पाण्याची स्टीलची बाटली सोडून काही नव्हतं.

त्याला कळलं. नवनाथही असाच दार लावून उभा राहिला होता, हेच विचारत. आणि पलीकडं त्याची दीक्षा अशीच भिंतीला टेकली असेल. डबा देण्याआधी. घाबरलेल्या माणसाला धीर देण्याआधी ती स्वतः घाबरली असेल.

"मला खरंच माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. "माझ्यापुढं जेवढं आलं त्यावर लिहिलं. जे यायला हवं होतं ते आलं नाही, एवढं मला कळत होतं. पण जे आलं नाही ते मी कसं लिहू?"

चांगदेवनं कडी काढली. "भ्या नका, पोरी," तो म्हणाला. तो दारातच बसला. चहा घेऊन आलेल्या शिपायानं त्याला आणि भिंतीला टेकलेल्या मॅडमना पाहिलं आणि आरडाओरडा केला. दोन पोलिसांनी त्याला उचलून जीपमध्ये घातलं.

दुसऱ्या दिवशी बातमी आली. 'महिला अधिकाऱ्याला खोलीत कोंडून जीवघेणा हल्ला करण्याचा प्रयत्न. हातात लोखंडी वस्तू.' कोठडीत एका हवालदारानं त्याला ती वाचून दाखवली. हवालदाराला वाईट वाटत असावं. चांगदेव म्हणाला, "असं न्हाई झालं." हवालदार म्हणाला, "आसंल, आबा. पण लिहिलंय असंच."

केंदूरमध्ये दोन तट पडले. गवंडी तसला माणूसच नाही, काही म्हणाले. डोकं फिरलं असेल, पोरगी गेलीय, केलंही असेल, असं बाकीचे म्हणाले. हनुमंत सोजराबाईला भेटायला आला, दारात चप्पल काढता काढता थांबला आणि म्हणाला, "मावशी, खरंच बाटली उगारली का त्यांनी?" सोजराबाईनं दार लावून घेतलं.

मॅडमनी जबाबात हल्ला झाला नाही असं सांगितलं, असं वकील म्हणत होता. पण ती कागदपत्रं अजून त्याला मिळाली नव्हती. कोर्टानं जामीन मंजूर केला. जामीनदार मात्र शेतजमीन असलेला पाहिजे होता आणि चांगदेवच्या भावकीत कुणाच्या नावावर जमीन नव्हती. ज्यांच्याकडं होती ते गावातले बागायतदार म्हणाले, पोलिसांची भानगड आहे, आम्हाला यात पाडू नका. ट्रॉलीवर चढवणाऱ्या पुढाऱ्याचा फोन लागला नाही.

दगडाबाईला कुणी कळवलं कुणास ठाऊक. ती खुटबावहून सकाळच्या गाडीनं एकटी आली, कोर्टाच्या आवारात लोकांना विचारत विचारत वकिलापर्यंत पोचली आणि कमरेच्या पिशवीतून घडी घातलेला सातबारा काढला. "ह्यो चालंल का बघा," ती म्हणाली. "नवनाथच्या बापानं माज्या नावावर केलीय जिमीन."

सोजराबाई बाकाच्या एका टोकाला बसली होती. दगडाबाई दुसऱ्या टोकाला बसली. मधे वकिलाची बॅग होती. कामकाज लांबत गेलं, दगडाबाईनं अंगठा दिला, पुन्हा दुसऱ्या खिडकीवर दिला. ऊन बाकावर आलं तशी सोजराबाई उठून सावलीत गेली. दगडाबाई उन्हातच बसून राहिली.

चांगदेवला सोडलं तेव्हा चार वाजून गेले होते. त्याची दाढी वाढली होती आणि एका पायात चप्पल नव्हती. त्यानं दगडाबाईला पाहिलं. तिच्या पाया पडावं असं त्याला वाटलं, आणि तसं वाटताच अंगावर काटा आला.

"जमीन आडकली तुमची," तो शेवटी म्हणाला.

"तिला आता कसनार कोन हाय?" दगडाबाई म्हणाली.

वकील सांगत होता की नव्या चौकशीसाठी हायकोर्टात जाता येईल, मुंबईत एक ओळखीचे मोठे वकील आहेत, ते फी घेणार नाहीत. मात्र अर्ज दोन्ही घरांनी मिळून करायला हवा, तर वजन पडेल. सही इथंच करून टाकू, पुन्हा यायला नको. त्यानं बॅगेतून कागद काढला. दगडाबाईनं शाईचा अंगठा अजून पुसला नव्हता, तोच तिनं कागदावर टेकवला. चांगदेवनं नाव लिहिलं. काना वाकडा गेला.

वकिलानं कागद सोजराबाईपुढं धरला. तिला सही येत होती, दीक्षानंच शिकवली होती. तिनं पेन हातात घेतलं आणि कागदावर नवनाथचं नाव कुठं आहे ते विचारलं. वकिलानं बोट ठेवलं. त्याच ओळीत पुढं दीक्षाचं नाव होतं, मधे फक्त 'व'.

"ह्येंची नावं एका वळीत नका ठिवू," ती म्हणाली.

"मावशी, कायद्याच्या दृष्टीनं त्याला काही..."

"एका वळीत नका ठिवू. येगळ्या वळीत घ्या. मंग करते."

वकील कागद घेऊन टायपिंगवाल्याकडं गेला. तो आवराआवर करत होता, मशीनवर कापड टाकून झालं होतं. तो म्हणाला, आता आज नाही होणार. शनिवार-रविवार कोर्ट बंद, म्हणजे सोमवारीच.

"सोमवारी येऊ," चांगदेव म्हणाला.

दगडाबाईची गाडी आधी होती. ती फाटकातून बाहेर पडली, रस्ता ओलांडताना मधेच थांबली, एक उसाची ट्रॉली गेली, मग पलीकडं गेली. सोजराबाई ते बघत होती. मग तिनं नवऱ्याच्या उघड्या पायाकडं पाहिलं आणि स्वतःच्या चपला काढून त्याच्यापुढं ठेवल्या.

"घाला," ती म्हणाली. "डांबर तापलंय."

त्या त्याला लहान होत्या. टाचा बाहेर ठेवून तो स्टँडकडं चालू लागला आणि ती रस्त्याच्या कडेनं, मातीतून, त्याच्या मागोमाग.